चहाच्या आधीचा तास

खानदेशातल्या बहुतेक घरांत सगळ्यांच्या आधी घरातली बाई उठते आणि तिचा हात चहाच्या पातेल्याकडे जातो. त्या दिवशी नळाला पाणी येणार असेल तर चहाही मागे पडतो. आधी हंडे, ड्रम, टाकी. मग डबे, देवपूजा, सासऱ्यांची बीपीची गोळी, मुलांची शाळा. तिची स्वतःची थायरॉईडची गोळी या गडबडीत चहाच्या घोटाबरोबर पोटात जाते, नाहीतर राहूनच जाते. पंधरा वर्षं ही गोळी घेतल्यावर माझं मत असं झालं आहे की मंदावलेली थायरॉईड घेऊन नीट जगायचं असेल, तर पथ्याच्या लांबलचक यादीपेक्षा चहाच्या आधीचा तो एक तास सांभाळणं जास्त महत्त्वाचं.

मी स्वतः पहिली दोन वर्षं गोळी चहाबरोबर घेत होते. दर तपासणीला रक्तातला थायरॉईडचा आकडा, म्हणजे टीएसएच, वाढलेला दिसे आणि डोस चढत जाई: ५० मायक्रोग्रॅम, ७५, मग १००. थकवा तसाच, केस गळणं तसंच. गोळी कशाबरोबर घेता, हे तोवर कुणी विचारलंच नव्हतं, आणि ते सांगण्यासारखं काही आहे हे मलाही माहीत नव्हतं. पुढे एका दुसऱ्या डॉक्टरीणबाईंनी पहिलाच प्रश्न तो विचारला. त्यांनी डोसला हात लावला नाही, फक्त वेळ बदलायला लावली. दोन महिन्यांनी रिपोर्ट आला तेव्हा डोस कमी करावा लागला. दोन वर्षं मी ज्याला माझ्या आजाराचा हट्टीपणा समजत होते, तो दुधाच्या चहाचा परिणाम होता.

थायरॉईड ही गळ्यात, घाटीच्या खाली, फुलपाखराच्या आकाराची छोटी ग्रंथी. शरीराची सगळी कामं कोणत्या गतीने चालायची हे तिच्या संप्रेरकावर ठरतं. ती मंदावली की सगळंच मंदावतं: नाडी, आतडी, विचार, पाळीचं चक्र, कातडीची ओल. आमच्याकडच्या बायका डॉक्टरला सांगतात, "आंग जड पडस." या तीन शब्दांत अर्धं निदान असतं, पण ऐकणाऱ्याला ते साध्या थकव्यासारखं वाटतं. वजन दोन-चार किलो वाढणं, बद्धकोष्ठता, टाचांना भेगा, सकाळी चेहरा सुजल्यासारखा दिसणं, आवाज घोगरा होणं, पाळीत जास्त रक्तस्राव, विसरभोळेपणा, विनाकारण उदास वाटणं, कोलेस्टेरॉल वाढलेलं निघणं ही लक्षणं एकेकटी आली तर कुणाचीही असू शकतात. तीन-चार एकत्र आणि महिनोन्‌महिने असतील तर रक्त तपासून घ्यावं. थंडी सहन न होणं हे एक लक्षण आपल्याकडे फसवतं. मे महिन्यात पारा ४४-४५ वर असताना थंडी कशी वाजेल, असं घरचे म्हणतात. पण सगळं घर कूलरसमोर झोपलेलं असताना एकटीच बाई अंगावर गोधडी ओढत असेल, तर ते लक्षात ठेवण्यासारखं आहे. धुळ्याची डिसेंबरातली थंडी तर अशा बाईला फारच जड जाते.

पुरुषांनाही हा आजार होतो, पण बायकांमध्ये तो कितीतरी पटीने जास्त. २०१३ साली भारतातल्या आठ मोठ्या शहरांच्या पाहणीचे आकडे प्रसिद्ध झाले. त्यांत मोठ्या माणसांपैकी जवळजवळ ११ टक्के लोकांची थायरॉईड मंद निघाली, आणि किनाऱ्यावरच्या शहरांपेक्षा आतल्या शहरांत हे प्रमाण थोडं जास्त होतं. म्हणजे दहा घरांच्या गल्लीत असा माणूस सापडणं यात नवल नाही, आणि लपवण्यासारखं तर काहीच नाही. लग्नाच्या मुलीचा रिपोर्ट कपाटात दडवून ठेवणारी घरं मी पाहिली आहेत. त्या दडवण्यात गोळीही दडवली जाते, आणि नुकसान होतं ते तिथे.

रिपोर्ट वाचताना एक गोंधळ हमखास होतो. आजार "कमी थायरॉईड"चा आणि आकडा मात्र वाढलेला, हे कसं? कापूस वेचणीच्या वावरात मजूर ढिले पडले की मुकादमाचा आवाज चढतो, तसं हे आहे. टीएसएच हा मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीचा, म्हणजे मुकादमाचा आवाज. थायरॉईड सुस्तावली की तो वाढतो, गोळीने काम सुरळीत झालं की खाली येतो. साधारण ०.४ ते ४ च्या आसपास तो असावा, प्रयोगशाळेप्रमाणे थोडा फरक. ४ आणि १० च्या मध्ये असेल आणि त्रास फारसा नसेल, तर लगेच जन्मभराची गोळी लागेलच असं नाही. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासल्यावर अनेकांचा आकडा आपोआप जागेवर येतो. गरोदर बाईला हा नियम लागू नाही. तिथे थांबून चालत नाही.

ग्रंथी मंदावते का? आज आपल्याकडे सगळ्यात जास्त आढळणारं कारण म्हणजे शरीराची संरक्षण यंत्रणा स्वतःच्याच थायरॉईडवर उलटते. जपानी शल्यवैद्य हाकारू हाशिमोतो यांनी १९१२ साली त्याचं वर्णन केलं, म्हणून त्याला हाशिमोतोचा आजार म्हणतात. हे कुणाच्या खाण्यापिण्याच्या चुकीने होत नाही. "जास्त भात खाल्लास म्हणून," "बाळंतपणात नीट शेक घेतला नाहीस म्हणून" असं जिला ऐकावं लागतं, तिने हे नाव लक्षात ठेवावं.

या आजाराची माणसं पूर्वी हळूहळू सुजत, थंड होत, मंद होत संपून जायची. १८९१ साली इंग्लंडमध्ये न्यूकॅसलच्या जॉर्ज मरे या तरुण डॉक्टरने ४६ वर्षांच्या एका बाईला मेंढीच्या थायरॉईडचा अर्क टोचला. ती उठून बसली, कामाला लागली आणि पुढे २८ वर्षं जगली. आज ज्या गोळीकडे आपण "जन्माची लागली" म्हणून नाक मुरडतो, ती त्याच अर्काची शुद्ध, मोजून दिलेली पुढची पिढी आहे. गोळीतलं लेव्होथायरॉक्सिन हे आपल्या ग्रंथीतून निघणाऱ्या थायरॉक्सिनसारखंच असतं. शरीराला ते परकं नाही. त्याने सवय लागते असं म्हणणं म्हणजे जेवणाची सवय लागते असं म्हणण्यासारखं झालं.

आता तो तास. उठल्यावर उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर गोळी घ्यायची आणि त्यानंतर निदान अर्धा तास, जमलं तर पूर्ण तास पाण्याशिवाय काही नाही. आपला चहा म्हणजे बरंचसं दूधच, आणि दुधातलं कॅल्शियम गोळीला आतड्यातून रक्तात जाऊ देत नाही. कॉफीही तेच करते. म्हणून गोळीची बाटली चहाच्या डब्याजवळ ठेवू नका, उशाशी पाण्याच्या तांब्याजवळ ठेवा. नळाला पाणी येण्याच्या दिवशी गोळी घेऊनच हंडे भरायला जा. पाणी भरून होईतो तास सरलेला असतो आणि चहाही निवांत मिळतो. वेचणीच्या दिवसांत पहाटे वावरात जाणाऱ्या बाईला तर हे सोपं आहे, तिची न्याहारी तशीही उशिरा होते.

ज्यांना सकाळ अजिबात जमत नाही त्यांनी रात्री घ्यावी, शेवटच्या घासानंतर तीन तासांनी. नेदरलँडमधल्या एका चाचणीचे निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाले, त्यात झोपताना घेतलेल्या गोळीने टीएसएच सकाळच्या गोळीपेक्षा चांगला आटोक्यात आला. पण आज सकाळी, उद्या रात्री असं करू नये. धुळ्या-भुसावळच्या ज्या मुस्लिम भगिनी रमजानचे रोजे धरतात त्यांनाही रात्रीची वेळ सोयीची, किंवा सहरीच्या आधी लवकर उठून. एकादशी, श्रावण सोमवार, नवरात्र यांत गोळी सोडायचं कारण नाही. औषधाने उपास मोडत नाही हे आपल्या घरच्या मोठ्या माणसांनीही नेहमीच मानलं आहे.

चहाहून मोठे अडथळे दोन: लोहाची गोळी आणि कॅल्शियमची गोळी. थायरॉईडच्या गोळीत आणि या दोन्हींत चार तासांचं अंतर हवंच. आशाताई गरोदर बाईला लाल गोळ्या आणि कॅल्शियम देऊन जातात, ती बिचारी सगळ्या गोळ्या एकाच वेळी तळहातावर घेऊन एका घोटात संपवते, आणि नेमकी जी बाळाच्या मेंदूसाठी सगळ्यात गरजेची तीच वाया जाते. पहाटे थायरॉईड, दुपारच्या जेवणाबरोबर कॅल्शियम, संध्याकाळी लोह, रात्री जेवताना दुसरं कॅल्शियम अशी वाटणी कागदावर लिहून स्वयंपाकघरात चिकटवा. पित्ताची पातळ औषधं आणि ॲसिडिटीच्या रोजच्या गोळ्या चालू असतील तर तेही डॉक्टरांना सांगा. परदेशी माहितीपत्रकांत गोळी अडवणाऱ्या पदार्थांत सोयाबीनचं पीठ, अक्रोड आणि सरकीची पेंडही लिहिलेली असते. पेंड आपण गाईम्हशींना घालतो, त्यामुळे कापसाच्या मुलखात राहूनही ती काळजी नाही. सोयाबीनच्या वड्या किंवा पीठ खायचं तर सकाळच्या गोळीपासून लांब, दुपारी खावं.

दुसरी गोष्ट आपल्या उन्हाची, आणि ही खानदेशाबाहेरच्या लेखांत तुम्हाला वाचायला मिळणार नाही. ही गोळी नाजूक आहे. उष्णता, ओल आणि उजेड या तिन्हींनी तिची ताकद उतरते, आणि रंग-रूप मात्र तसंच राहतं. बाटलीवर किती अंशांखाली ठेवा ते छापलेलं असतं, साधारण २५ किंवा ३०. जळगाव, भुसावळ, शिरपूरच्या एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या घरात, गॅसजवळच्या फळीवर, गाडीच्या डिकीत, बंद मोटारीत तेवढं तापमान कुठून राहणार? दर उन्हाळ्यात टीएसएच चढतो आणि पावसाळ्यात उतरतो असं कुणाचं होत असेल, तर आधी बाटलीची जागा पाहावी. धाब्याच्या घराची मधली खोली अजूनही गावातली सगळ्यात थंड जागा असते. तिथल्या भिंतीतला कोनाडा उत्तम. स्लॅबच्या घरात खालच्या मजल्यावरचं, पश्चिमेच्या भिंतीला न लागलेलं कपाट. माठाशेजारी थंड असतं पण ओल असते, तिथे नको. फ्रीजमध्ये ठेवायची की नाही हे बाटलीवर लिहिलं असेल त्याप्रमाणे करा. गोळ्या मूळ बाटलीतच ठेवा, आतली ओल शोषणारी पुडी काढू नका, महिन्याभराच्या गोळ्या एकदम पारदर्शक डबीत काढून ठेवू नका. उन्हाळ्यात सहा महिन्यांचा साठा करण्यापेक्षा दर महिन्याला ताजी बाटली घेतलेली बरी. आखाजीला माहेरी निघालात, तर बाटली एसटीच्या टपावर चढणाऱ्या बॅगेत टाकू नका, हातातल्या पर्समध्ये ठेवा.

पैशाची अडचण असेल तर जनऔषधी केंद्रात हेच औषध कमी किमतीत मिळतं. जळगाव आणि धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत तपासणीची आणि औषधाची चौकशी करा. स्वस्त कंपनीची गोळी घेण्यात काही वाईट नाही. फक्त एकदा घेतली की तीच चालू ठेवा, आणि बदलावी लागलीच तर सहा ते आठ आठवड्यांनी रक्त तपासा. हे औषध शरीरातून निम्मं उतरायलाच सुमारे एक आठवडा लागतो. म्हणून डोस बदलल्यावर पंधरा दिवसांत केलेली तपासणी काही सांगत नाही, आणि म्हणूनच एखादा दिवस गोळी चुकली तर घाबरायचं कारण नाही. तपासणीच्या दिवशी रक्त देऊन मग गोळी घ्या, दर वेळी साधारण एकाच वेळेला आणि शक्यतो एकाच प्रयोगशाळेत द्या. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर दोन-तीन दिवस आधी थांबवा, त्यांनी रिपोर्ट खोटा येतो. आकडा स्थिर झाला की वर्षातून एकदा तपासणी पुरते.

"मला ५०, तुला १०० म्हणजे तुझा आजार मोठा" ही तुलना ओट्यावर बसून सारखी चालते. डोस वजनावर, वयावर, ग्रंथी किती उरली आहे यावर ठरतो. बरं वाटेना म्हणून स्वतःच एक गोळी वाढवू नका. जास्त डोसने छातीत धडधड, हात कापणं, झोप उडणं होतं आणि वर्षानुवर्षं तसं राहिलं तर हाडं ठिसूळ होतात. सत्तरीच्या आजीला किंवा हृदयविकार असलेल्या माणसाला डॉक्टर मुद्दाम १२.५ किंवा २५ पासून सावकाश चढवतात, त्यांना घाई करू नका.

आता जेवण. इथे माझा राग आहे, आणि तो मी लपवत नाही. थायरॉईड झाल्यावर बाईच्या ताटातून एकेक पदार्थ काढून घेण्याची जी चढाओढ लागते, तिला फारसा आधार नाही. वांग्याचं भरीत खुशाल खा. रावेर-यावलची केळी खा, फक्त गोळीच्या तासात नको. कोबी, फ्लॉवर, मुळा शिजवून खाल्ल्याने काही बिघडत नाही. बाजरीचं मात्र थोडं खरं आहे: सुदानच्या दार्फूर भागात, जिथे बाजरी हेच मुख्य अन्न आणि आहारात आयोडीनची टंचाई, तिथल्या गलगंडाच्या अभ्यासात बाजरीतली काही द्रव्यं थायरॉईडच्या कामात आडवी येतात असं दिसलं. पण आयोडीनयुक्त मीठ खाणाऱ्या, गोळी वेळेवर घेणाऱ्या बाईने हिवाळ्यात चार महिने बाजरीची भाकर खाल्ली म्हणून घाबरू नये. कळण्याची भाकर, ठेचा, शेवभाजी, सगळं चालतं. वजन उतरवायचं असेल तर तेल आणि शेव कमी करा, ते वेगळ्या कारणासाठी. आणि वजनाबद्दल खरं सांगायचं तर थायरॉईडमुळे वाढलेलं वजन बहुधा थोडंच असतं, त्यातलं बरंचसं पाणी. गोळी सुरू झाल्यावर तेवढं उतरेल. वीस किलो उतरतील अशी आशा गोळीवर ठेवू नका, ते काम चालण्याचं आणि ताटाचं आहे.

मिठाकडे मात्र लक्ष हवं. मोठ्या माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागतं, गरोदर बाईला २५०. ते समुद्रापासून लांबच्या आपल्या जमिनीतल्या अन्नातून पुरेसं मिळेलच असं नाही, म्हणून देशात १९६२ पासून गलगंड नियंत्रणाचा कार्यक्रम चालत आला आणि २००६ पासून खाण्यासाठी आयोडीन नसलेलं मीठ विकायला बंदी आहे. तरी आपल्या घरात दोन वाटांनी आयोडीन नसलेलं मीठ शिरतं. एक, लोणचं, पापड, कुरडया, बिबड्यांसाठी घेतलेलं खडेमीठ. वर्षाचं लोणचं त्यात घालायला हरकत नाही, पण उरलेलं तेच रोजच्या भाजीत जातं. दोन, उपासाचं शेंदेलोण, जे हल्ली "नैसर्गिक" म्हणून बाराही महिने वापरलं जातं. उपासाला ठीक, रोजच्या स्वयंपाकाला नको. आयोडीनयुक्त मीठ झाकणाच्या डब्यात, चुलीपासून दूर ठेवा. मात्र आयोडीन जास्त घेतल्याने हाशिमोतोची थायरॉईड सुधारत नाही, उलट बिघडू शकते. म्हणून आयोडीनच्या गोळ्या किंवा समुद्री शेवाळाच्या पुड्या घेऊ नका.

धन्याचं पाणी, काढे, "मुळासकट बरं करणारी" चूर्णं यांबद्दल एवढंच: धन्याचं पाणी आवडत असेल तर गोळीच्या तासानंतर प्या. गोळी बंद करून त्याच्यावर राहू नका. गोळी सोडलेली बाई काही आठवडे बरी दिसते, कारण साठा हळूहळू उतरतो, आणि मग सगळं परत येतं. फार क्वचित, बहुधा म्हातारपणी आणि थंडीच्या दिवसांत, ती गुंगीत जाते, अंग गार पडतं, श्वास मंदावतो. असं दिसलं तर काढा शोधू नका, १०८ ला फोन करा आणि सिव्हिलला न्या.

शेवटी बाळंतपण, कारण आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी होतं आणि त्या प्रवासात कागद हरवतात. थायरॉईडची गोळी चालू असलेल्या मुलीने पाळी चुकल्याचं कळताच, सोनोग्राफीची वाट न पाहता, डॉक्टरांना सांगावं. बहुतेकींचा डोस २५ ते ३० टक्के वाढवावा लागतो, कारण पहिल्या तीन महिन्यांत बाळाचा मेंदू आईच्याच संप्रेरकावर वाढतो. गोळी बाळाला गरम पडेल म्हणून बंद करणं हा सगळ्यात घातक सल्ला आहे, आणि तो प्रेमाने दिला जातो. दूध पाजतानाही गोळी चालते. डिंकाचे लाडू, मेथीचे लाडू, शेपा, सगळं द्या, गोळीच्या तासानंतर. बाळंतपणानंतर डोस पुन्हा कमी होतो, त्यासाठी सहा आठवड्यांनी तपासणी. बाळंतपणानंतर पहिल्या वर्षात ज्यांना आधी काही नव्हतं अशा आयांनाही थायरॉईडचा त्रास सुरू होऊ शकतो. सतत रडू येतं, थकवा जात नाही तेव्हा "ओली बाळंतीण आहे" म्हणून सोडून देऊ नका.

आणि बाळाची तपासणी. भारतात हजार-अकराशे बाळांमागे साधारण एक बाळ थायरॉईड नीट नसलेलं जन्मतं, आणि जन्मताना ते बहुधा अगदी सशक्त दिसतं. पहिल्या दोन आठवड्यांत गोळी सुरू झाली तर ते इतर मुलांसारखंच वाढतं; महिने गेले तर बुद्धीचं जे नुकसान होतं ते भरून येत नाही. तपासणी टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबाची, जन्मानंतर दुसऱ्या ते चौथ्या दिवसात. सगळीकडे ती आपोआप होत नाही. म्हणून चोपडा असो की साक्री, दवाखान्यातून घरी निघण्याआधी, बारशाच्या याद्या करण्याआधी, आजीने एवढं विचारावं: बाळाचा टीएसएच घेतला का, आणि रिपोर्ट कधी मिळेल?